मोठ्या ऑडिट फर्ममधील आर्टिकलशिप : खान्देशातून निघणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

अमळनेरहून पुण्यातील एका मोठ्या ऑडिट फर्ममध्ये आर्टिकलशिपसाठी, म्हणजे सीए होण्यासाठी फर्ममध्ये करायच्या सक्तीच्या प्रशिक्षणासाठी, निघाले तेव्हा सीए इंटरमीजिएटच्या दोन्ही ग्रुपचा निकाल हातात होता, मैत्रिणीच्या खोलीचा पत्ता पर्समध्ये होता, पण अशा फर्ममध्ये रोज नेमके काय करावे लागते हे सांगणारे ओळखीत कोणीही नव्हते. दोन वर्षांचे प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर जळगाव, भुसावळ, धुळे, शहादा येथील विद्यार्थी मला जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे एकत्र आणि क्रमाने मिळावीत म्हणून हे लिहिले आहे. ऑडिटमध्ये तुम्ही एखादा कागद पाहिला एवढे पुरत नाही. तुम्ही काय पाहिले, कुठून घेतले आणि कशाशी जुळवले हे तुम्हाला कधीही न भेटलेल्या माणसाला पुन्हा तपासता येईल अशा रीतीने लिहिलेले असावे लागते. पुढे जे काही सांगितले आहे त्यातील बहुतेक गोष्टी या एकाच गोष्टीसाठी आहेत.

मोठी फर्म हवी का, हे आधी ठरवा

डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय आणि केपीएमजी या चार जागतिक जाळ्यांशी जोडलेल्या भारतीय फर्म आणि त्यांच्या खालोखालच्या काही मोठ्या फर्म यांचे आकर्षण स्वाभाविक आहे. परंतु केवळ नावासाठी तिकडे जाऊ नये. जळगाव किंवा धुळ्याच्या एखाद्या चांगल्या फर्ममध्ये विद्यार्थी सोन्याच्या पेढीचे, डाळ मिलचे, केळीच्या व्यापाऱ्याचे आणि एमआयडीसीतील चटई किंवा पाइप बनविणाऱ्या कारखान्याचे काम एकाच वर्षात पाहतो. जीएसटीचे विवरणपत्र, टॅक्स ऑडिटचा फॉर्म ३सीडी, बँकेचे स्टॉक स्टेटमेंट आणि आयकर कार्यालयातील उत्तर ही सर्व कामे त्याच्या हाताखालून जातात. मोठ्या फर्ममध्ये सहा महिने केवळ एका कंपनीची स्थावर मालमत्ता आणि वाहतूक खर्च एवढेच तुमच्या वाट्याला येऊ शकतात, मात्र त्या दोन गोष्टींची तपासणी जितक्या खोलात जाऊन शिकवली जाते तितकी अन्यत्र क्वचितच शिकवली जाते. पुढे खान्देशातच स्वतःची प्रॅक्टिस करायची असेल, तर माझ्या मते स्थानिक फर्म अधिक उपयोगाची आहे. सूचीबद्ध कंपन्यांचे ऑडिट, मोठ्या कंपनीतील वित्त विभाग किंवा परदेशातील नोकरी यांचा विचार असेल तर मोठ्या फर्मची वाट धरावी.

हा निर्णय सुरुवातीलाच नीट घेण्याचे आणखी एक कारण आहे. १ जुलै २०२३ पासून आर्टिकलशिपचा काळ तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला, आणि एकदा नोंदणी झाल्यावर फर्म बदलणे नियमांमुळे सहज होत नाही. प्रशिक्षण सुरू करण्यापूर्वी इंटरमीजिएटचे दोन्ही ग्रुप उत्तीर्ण असणे आणि आयसीआयटीएसएस हा माहिती तंत्रज्ञान आणि व्यवहारकौशल्यांचा अभ्यासक्रम पूर्ण करणे आवश्यक असते. फायनलची परीक्षा प्रशिक्षण संपल्यानंतर सहा महिन्यांनी देता येते, आणि त्याआधी ऑनलाइन मॉड्यूलचे चार संच उत्तीर्ण व्हावे लागतात. हे संच प्रशिक्षणाच्या काळातच उरकणे सोयीचे असते, कारण अखेरचे सहा महिने पूर्णपणे अभ्यासासाठी मोकळे राहतात.

पदवीचा प्रश्न अनेकजण विसरतात. जळगावच्या महाविद्यालयात कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या बी. कॉम.ला नियमित प्रवेश आणि त्याच वेळी पुण्यात पूर्णवेळ आर्टिकलशिप हे जमणारे नाही. शिवाय प्रशिक्षणाच्या काळात दुसरा कोणताही अभ्यासक्रम करायचा असल्यास सीए संस्थेची (आयसीएआय) परवानगी घ्यावी लागते. पदवी आधी पूर्ण करावी, अथवा यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारखा मार्ग निवडावा.

अर्ज आणि मुलाखतीची तयारी

मोठ्या फर्म इंटरमीजिएटचा निकाल लागताच भरती सुरू करतात आणि जागा लवकर भरतात, म्हणून एका पानाचा बायोडेटा निकालाआधीच तयार असावा. त्यात गुण आणि प्रयत्नांची संख्या स्पष्ट लिहावी. ज्या कामाचा अनुभव खरोखर आहे तो लहान वाटला तरी लिहावा. मी बायोडेटात लिहिले होते की, माझे वडील धरणगावच्या एका जिनिंगमध्ये दिवाणजी आहेत आणि हंगामात मी त्यांना कापसाच्या आवकेच्या पावत्या टॅलीत भरण्यास मदत करते. मुलाखतीत लेखा मानकांवर दोनच प्रश्न आले आणि पुढची दहा मिनिटे आवक, वजनकाटा, सरकी आणि रुई यांचा हिशेब कसा जुळवतात यावरच बोलणे झाले. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते आणि उरलेल्यात बहुतांश सरकी असते. या प्रमाणावरून उत्पादनाचे आकडे पटण्याजोगे आहेत की नाहीत हे ताडता येते. पुस्तकात ज्याला विश्लेषणात्मक तपासणी म्हणतात ती हीच, आणि ती तुमच्या घरातील व्यवसायात तुम्ही कदाचित लहानपणापासून पाहत आला असाल. केळीच्या घडांचे वजन आणि कट्टी, डाळ मिलमधील चुरी आणि टरफलाचे प्रमाण, सोन्यातील घट यांपैकी जे तुम्हाला माहीत आहे ते सांगण्यास संकोच करू नका.

वाचनासाठी एखाद्या सूचीबद्ध कंपनीचा वार्षिक अहवाल घ्यावा. तो कंपनीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. आपल्या भागाशी नाते असलेली कंपनी निवडल्यास वाचण्यास गोडी लागते : जळगावची जैन इरिगेशन, किंवा १९४५ साली अमळनेरमध्ये वनस्पती तेलाच्या कारखान्यापासून सुरू झालेली विप्रो. अहवालातील लेखापरीक्षकांचा अहवाल शोधावा, त्यातील 'प्रमुख लेखापरीक्षण बाबी' वाचाव्यात आणि त्या प्रत्येक बाबीसाठी लेखापरीक्षकांनी काय केले असे तिथे लिहिले आहे ते वहीत उतरवावे. दोन संध्याकाळी एवढे केले तरी मुलाखतीतील तुमचे बोलणे बदलते.

एक्सेलमध्ये पिव्होट टेबल, एक्सलूकअप किंवा व्हीलूकअप, सम-इफ्स, मोकळ्या जागा काढून टाकणारे ट्रिम आणि तारखा नीट करण्याची पद्धत एवढे हातात बसलेले असावे. मोठ्या कंपनीच्या प्रणालीतून निघालेल्या यादीत तारखा अनेकदा मजकूर म्हणून येतात, आणि ज्याला त्या दुरुस्त करता येत नाहीत त्याचा पहिला आठवडा त्यातच जातो.

पैसा आणि राहण्याची सोय

किमान स्टायपेंड शहराच्या लोकसंख्येनुसार ठरलेला आहे आणि मोठ्या फर्म सहसा त्याहून बरेच जास्त देतात. तरीही पहिला स्टायपेंड महिना भरल्यावर जमा होतो, आणि खोलीची अनामत, मेसचे पैसे व बसचा पास मात्र पहिल्याच दिवशी द्यावा लागतो, म्हणून दोन ते तीन महिन्यांचा खर्च जवळ ठेवूनच निघावे. क्लायंटकडे जाण्या-येण्याचा खर्च फर्म देते, परंतु त्यासाठी पावत्या त्याच आठवड्यात जपून भरायच्या असतात. जळगाव आणि भुसावळहून पुण्यासाठी महाराष्ट्र एक्स्प्रेस आहे. अमळनेर सुरत-भुसावळ मार्गावर असल्याने आम्हाला आधी जळगाव गाठावे लागते. सुट्टीचा हिशेब करताना हा अर्धा दिवस धरावा.

पहिला आठवडा : जाहीरनामे आणि शिस्त

रुजू झाल्यावर ३० दिवसांच्या आत फॉर्म १०२ आणि १०३ (प्रशिक्षणाचा करार आणि त्याची नोंदणी) यांची कार्यवाही पूर्ण झाली की नाही, हे स्वतः संस्थेच्या पोर्टलवर पाहावे. फर्मचा विभाग हे काम करतो, पण त्यात उशीर झाला तर नुकसान तुमचेच होते.

त्याच आठवड्यात स्वातंत्र्याचा जाहीरनामा भरून द्यावा लागतो. ज्या कंपनीचे ऑडिट फर्म करते त्या कंपनीत तुमचा किंवा जवळच्या नातेवाइकांचा आर्थिक हितसंबंध नाही, असे त्यात लिहून द्यायचे असते. विद्यार्थी बहुधा 'माझ्याकडे शेअर कुठले असणार' असे म्हणून पान पुढे सरकवतात. अमळनेरच्या मुलांनी तरी असे करू नये, कारण आमच्या गावात आजोबांच्या काळापासून विप्रोचे शेअर सांभाळून ठेवलेली अनेक घरे आहेत आणि ते कोणाच्या नावावर आहेत हे नातवंडांना ठाऊक नसते. घरी फोन करून आई-वडिलांची डिमॅट खाती आणि जुने कागद विचारून घ्यावेत आणि जे असेल ते जाहीर करावे. जाहीर केल्याने काही बिघडत नाही, फार तर तुम्हाला त्या कंपनीच्या कामावर पाठवत नाहीत. लपविल्यास मात्र ती बाब गंभीर ठरते.

गोपनीयतेचेही तसेच आहे. निकाल जाहीर होण्यापूर्वीचे कंपनीचे आकडे ही सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार शेअरच्या किमतीवर परिणाम करू शकणारी अप्रकाशित संवेदनशील माहिती असते. घरच्यांनी प्रेमाने विचारले तरी क्लायंटचे नाव आणि आकडे सांगू नयेत, रेल्वेच्या डब्यात लॅपटॉप उघडून बसू नये, क्लायंटची यादी व्हॉट्सअॅपवर किंवा स्वतःच्या ईमेलवर घेऊ नये आणि एक्सेलचे सूत्र विचारण्यासाठी ती कोणत्याही सार्वजनिक एआय साधनात चिकटवू नये. सूत्र विचारायचे असेल तर दोन काल्पनिक ओळी तयार कराव्यात.

संबोधनाविषयी थोडे सांगते, कारण मला ते जड गेले. मोठ्या फर्ममध्ये सीनियर, मॅनेजर, कित्येकदा पार्टनर यांनाही नावाने हाक मारतात. आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसाला भाऊ, आप्पा, नाना म्हटल्याशिवाय तोंड उघडत नाही. दोन-तीन दिवस 'सर' म्हटले तरी कोणी रागावत नाही. त्यांनी नावाने हाक मारायला सांगितले की मारावी. कारखान्यातील गोदामात मात्र 'आप्पा' म्हणण्याची आपली सवय उपयोगी पडते. तिथला माणूस तीस वर्षे तेच गोदाम सांभाळत असतो आणि त्याला मान देऊन विचारले तर यादीत नसलेली माहितीही तो देतो. इंग्रजी बोलताना अडखळणे ही तिथे नवी गोष्ट नाही. लेखी ईमेल स्वच्छ असला तर बोलण्यातील अडखळणे कोणी मोजत नाही.

पहिले खरे काम : नमुने तपासणे आणि लिहिणे

आर्टिकलला, म्हणजे प्रशिक्षणार्थीला, सुरुवातीस बहुधा खर्चाचे व्हाउचिंग, म्हणजे हिशेबातील नोंदी मूळ कागदांशी ताडून पाहण्याचे काम, देतात. त्याची रीत मी ज्या क्रमाने शिकले त्याच क्रमाने सांगते.

कंपनीने दिलेली यादी मिळाल्यावर लगेच नमुने निवडायला बसू नये. आधी यादीची एकूण बेरीज ट्रायल बॅलन्समधील (सर्व खात्यांच्या शिलकींच्या तक्त्यातील) त्या खात्याच्या शिलकीशी जुळवावी. यादी अपुरी असेल, तर तिच्यातून निवडलेले २५ नमुने कितीही नीट तपासले तरी त्यांचा उपयोग नसतो, कारण जी नोंद यादीतच नाही ती तुमच्या हाती कधीच लागणार नाही. यादी प्रणालीतून कोणी, कोणत्या तारखेला आणि कोणते निकष टाकून काढली तेही लिहावे. शक्य असल्यास ती काढताना शेजारी बसावे.

त्यानंतर निवड. मोठ्या रकमा सर्व घ्यायच्या की काही, उरलेल्या कशा निवडायच्या आणि किती निवडायच्या हे टीमने आधीच ठरवलेले असते. ते समजून घ्यावे आणि आपल्या मनाने 'सोपे कागद मिळतील' असे नमुने घेऊ नयेत. निवड झाल्यावर क्लायंटकडे एकच मुद्देसूद मागणी पाठवावी, ज्यात नोंद क्रमांक, तारीख, पक्षकार, रक्कम आणि हवे असलेले कागद यांचे तक्ते असतील. दहा वेळा एकेक कागद मागणाऱ्या आर्टिकलला क्लायंटचा माणूस टाळू लागतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो. त्याचे रोजचे काम त्याला असतेच.

आता लिहिण्याविषयी. वाहतूक खर्चाच्या माझ्या पहिल्या वर्किंग पेपरवर, म्हणजे केलेल्या तपासणीच्या नोंदीच्या कागदावर, मी निष्कर्ष लिहिला होता : 'निवडलेले २५ नमुने तपासले, बरोबर आढळले.' सीनियरने त्यावर एकच रिव्ह्यू नोट (तपासणाऱ्याचा शेरा) टाकली : 'कशाशी तपासले?' तीन वेळा लिहून खोडल्यानंतर जो मजकूर मान्य झाला तो साधारण असा होता :

'वर्ष २०२४-२५ च्या वाहतूक खर्चाची यादी ट्रायल बॅलन्सशी जुळवून तीतून २५ नोंदी निवडल्या. प्रत्येक नोंदीसाठी ट्रान्सपोर्टरचे बिल, बिल्टी (माल वाहतुकीला दिल्याची पावती) आणि माल पोहोचल्याची सही असलेली प्रत पाहिली. रक्कम, तारीख, वाहन क्रमांक आणि मंजुरी देणाऱ्याची सही जुळवली. नोंद क्रमांक १४ : बिल्टी २९ मार्च २०२४ ची असून खर्च एप्रिल २०२४ मध्ये नोंदवलेला आहे, म्हणजे मागील वर्षाचा खर्च या वर्षात आला आहे. याच कारणाने या वर्षअखेरीचा खर्च पुढील वर्षात गेला आहे का, हे पाहण्यासाठी एप्रिल २०२५ मधील बिले स्वतंत्रपणे तपासली. पाहा वर्किंग पेपर क्रमांक अमुक.'

पहिल्या मजकुरावर विश्वास ठेवायचा असेल तर माझ्यावर विश्वास ठेवावा लागत होता. दुसरा मजकूर हातात घेऊन कोणीही क्रमांक १४ ची बिल्टी मागवू शकतो. लेखापरीक्षणाचे मानक एसए २३० हेच मागते : त्या कामाशी पूर्वी संबंध नसलेल्या अनुभवी लेखापरीक्षकाला केवळ कागदांवरून काय केले, काय आढळले आणि निष्कर्ष कसा निघाला हे समजले पाहिजे. क्रमांक १४ ची नोंद सापडली ती मात्र मला बिल्टी ओळखीची होती म्हणून. ट्रान्सपोर्टरचे बिल महिनाअखेरीस एकत्र येते आणि माल निघाल्याची खरी तारीख बिल्टीवरच असते, हे जिनिंगच्या फाटकावर बसलेल्या कोणालाही माहीत असते.

याच टप्प्यावर माझ्याकडून एक गंभीर चूक झाली. दुसऱ्या महिन्यात २५ पैकी दोन नमुन्यांचे कागद 'उद्या पाठवतो' असे क्लायंटच्या माणसाने सांगितले. संध्याकाळपर्यंत पेपर पूर्ण दाखवायचा होता म्हणून मी त्या दोन्हींवरही टिक केली. मॅनेजरने तपासणीसाठी स्वतः उचललेल्या तीन नमुन्यांत त्यांपैकी एक निघाला. तिने आवाज चढवला नाही. तिने केवळ विचारले की, उरलेल्या २३ टिकांचे आता काय समजायचे. त्या रात्री मी सर्व २५ नमुने पुन्हा तपासले. न पाहिलेल्या कागदावर टिक करू नका. त्या ओळीपुढे 'कागद प्रलंबित, अमुक तारखेला मागितला' असे लिहा. अपूर्ण पेपर दाखविल्याबद्दल बोलणी बसली तर ती एक दिवस लक्षात राहतात, पण खोट्या टिकमुळे तुमचे मागचे सर्व काम संशयात येते.

अडचण विचारण्याची पद्धत

नवख्या मुलांची दोन टोके दिसतात : काही जण दर पाच मिनिटांनी विचारतात आणि काही जण दोन दिवस गप्प बसतात. आपल्याकडची मुले बहुधा दुसऱ्या प्रकारची असतात. मागील वर्षाचा पेपर उघडून पाहा, अर्धा तास स्वतः प्रयत्न करा आणि मग सीनियरकडे जाताना काय करायचे होते, काय केले, कुठे अडले आणि तुम्हाला काय वाटते हे चार वाक्यांत सांगा. मागील वर्षाचा पेपर पाहताना एक जपा : त्यातील मजकूर जशाच्या तसा उतरवू नका. व्यवसाय बदललेला असतो, आणि गेल्या वर्षीचे वाक्य या वर्षीच्या फाइलमध्ये राहिले तर रिव्ह्यूमध्ये ते लगेच उघडे पडते.

मालसाठ्याची प्रत्यक्ष मोजणी

आर्टिकलला एकट्याने किंवा सीनियरसोबत ज्या कामासाठी बाहेरगावी जावे लागते ते बहुधा हेच. मालसाठा महत्त्वाचा असेल तर मोजणीच्या वेळी लेखापरीक्षकाने शक्यतो हजर राहावे, असे एसए ५०१ सांगते. इथे लक्षात ठेवायचे की मोजणी कंपनीचे लोक करतात. ते ती नीट करत आहेत का हे आपण पाहतो आणि आपली चाचणी-मोजणी वेगळी घेतो.

जाण्याआधी गोदामांची यादी, मोजणीच्या लेखी सूचना आणि माल बाहेर पडणे किती वाजता थांबणार हे मागून घ्यावे. पोहोचल्यावर सर्वप्रथम त्या क्षणाची शेवटची आवक-पावती आणि शेवटचे जावक-चलन यांचे क्रमांक टिपावेत, कारण नंतर विक्री योग्य वर्षात धरली आहे का हे याच क्रमांकांवरून ठरते. मग दोन्ही दिशांनी चाचणी घ्यावी : यादीतील काही वस्तू जमिनीवर शोधाव्यात, म्हणजे यादीतील माल खरोखर आहे हे कळते, आणि जमिनीवर दिसणाऱ्या काही वस्तू यादीत शोधाव्यात, म्हणजे असलेला सर्व माल यादीत आला आहे हे कळते. एकाच दिशेने चाचणी घेतली तर अर्धाच प्रश्न सुटतो. कोपऱ्यात धूळ खात पडलेला माल, भिजलेला माल आणि जॉबवर्कसाठी आलेला दुसऱ्याचा माल यांची वेगळी नोंद करावी.

माझी पहिली स्वतंत्र मोजणी ३१ मार्चला एका सूतगिरणीत झाली. रुईच्या गाठींच्या थप्प्या छताच्या पत्र्याला भिडतील इतक्या उंच होत्या. आपल्याकडे गाठ १७० किलोची धरतात, साधारण शंभर गाठींचा एक लॉट करतात, आणि प्रत्येक गाठीवर लॉट क्रमांक, गाठ क्रमांक व वजन लिहिलेले असते. मोजणीच्या कागदावर एका थप्पीसमोर लिहिले होते : लांबीत १२, रुंदीत ६, उंचीत ५, एकूण ३६०. समोरून मोजले तर तिन्ही आकडे बरोबर होते. माझ्यासोबतचा कंपनीचा तरुण कर्मचारी पुढच्या थप्पीकडे निघालाही होता. पण लहानपणी वडिलांच्या जिनिंगमध्ये मी अशा थप्प्यांवर चढून खेळले आहे, आणि थप्पी समोरून भरीव दिसली तरी आतून तशी असतेच असे नाही, हे मला ठाऊक होते. मी गोदाम सांभाळणाऱ्या आप्पांना विचारले, 'आप्पा, शिडी मिळेल का? वरून पाहायचे आहे.' त्यांनी काही न बोलता शिडी आणून लावली आणि स्वतः ती धरून उभे राहिले.

वर चढल्यावर दिसले की शेडचा लोखंडी खांब थप्पीच्या मधोमध उभा होता आणि त्याच्याभोवती प्रत्येक थरात दोन गाठींची जागा रिकामी होती. पाच थरांत दहा गाठी कमी, म्हणजे ३६० ऐवजी ३५०. दहा गाठींचे १,७०० किलो होतात. खंडी ३५६ किलोची, म्हणजे पावणेपाच खंडीच्या आसपास रुई. गिरणीच्या एकूण साठ्याच्या मानाने ही रक्कम लहान होती. परंतु चूक त्या एका थप्पीची नव्हती, गुणाकार करून मोजण्याच्या पद्धतीची होती, आणि त्या शेडमध्ये खांब आणखी होते. मी सीनियरला फोन केला. खांबाभोवतीच्या सर्व थप्प्या वरून पुन्हा मोजल्या गेल्या, कागद दुरुस्त झाला आणि आप्पांनी प्रत्येक दुरुस्तीवर सही केली. नमुन्यात आढळलेली चूक उरलेल्या साठ्यात किती असू शकेल याचा विचार करणे लेखापरीक्षकाला बंधनकारक आहे, हे एसए ५३० मध्ये मी परीक्षेसाठी पाठ केले होते. त्याचा अर्थ त्या शिडीवर कळला.

खोलीवर परतल्यावर त्याच रात्री टिपण लिहून काढावे. किती वाजता पोहोचलो, कोण हजर होते, कोणत्या थप्प्या मोजल्या, फरक कोणता आणि तो कसा सुटला, हे सर्व दुसऱ्या दिवशी धूसर होते. छायाचित्रे घ्यायची असल्यास कंपनीची परवानगी घ्यावी.

हंगाम, रजा आणि आखाजी

नियमात आठवड्याला किमान ३५ तासांचे प्रशिक्षण आहे; हंगामात प्रत्यक्ष तास त्याहून पुष्कळ वाढतात. सूचीबद्ध कंपनीला वार्षिक निकाल वर्षअखेरीपासून ६० दिवसांत, म्हणजे ३० मेपर्यंत, आणि तिमाही निकाल ४५ दिवसांत द्यावे लागतात. त्यामुळे एप्रिल-मे आणि त्यानंतर प्रत्येक तिमाहीनंतरचे काही आठवडे सर्वाधिक घाईचे असतात. खान्देशातील मुलामुलींना हे विशेष लागते, कारण आपली आखाजी (अक्षय्य तृतीया) नेमकी याच दिवसांत येते. नव्या योजनेत वर्षाला १२ दिवस रजा आहे, त्यामुळे ती आधी आखून घ्यावी : परीक्षेच्या मॉड्यूलसाठी किती, घरच्या कार्यासाठी किती. मला दोन्ही वर्षे आखाजीला घरी जाता आले नाही. पहिल्या वर्षी झोका बांधल्याचा फोटो बहिणीने पाठवला तेव्हा मी एका क्लायंटच्या कॉन्फरन्स रूममध्ये देयकांची पुष्टिपत्रे लावत होते. ज्यांना हे शक्य नाही त्यांनी रुजू होण्यापूर्वीच घरच्यांशी स्पष्ट बोलावे. नंतर दोन्हीकडून ओढाताण होते.

मुलींनी आणि त्यांच्या पालकांनी आणखी एक विचारून घ्यावे : उशिरापर्यंत काम चालल्यास फर्म गाडी देते का आणि ती कशी मागवायची. बहुतेक मोठ्या फर्ममध्ये ही सोय असते, पण ती मागावी लागते. मागण्यात कमीपणा नाही.

टाइमशीट रोजच्या रोज आणि खरी भरावी. रात्री अकरापर्यंत बसून कागदावर आठच तास दाखविले तर पुढच्या वर्षी त्या कामाला तेवढाच वेळ आणि तेवढीच माणसे मिळतात, आणि ते ओझे तुमच्या जागी येणाऱ्या आर्टिकलवर पडते.

रिव्ह्यू नोट्स

पहिल्या फाइलवर वीस-पंचवीस नोट्स आल्या तर खचून जाऊ नये. प्रत्येक नोटचे उत्तर 'केले' असे न लिहिता काय बदलले आणि कुठे बदलले ते लिहावे. मी एका वहीत नोट्सचे प्रकार मांडून ठेवले होते : संदर्भ नाही, बेरीज जुळवली नाही, फरकाचे कारण नाही, निष्कर्ष कामाशी जुळत नाही. चौथ्या कामापर्यंत पहिले दोन प्रकार बंद झाले. तिसरा शेवटपर्यंत येत राहिला, कारण फरकाचे कारण क्लायंटने सांगितले तसे लिहून घेणे सोपे असते आणि त्या कारणाचा पुरावा मागणे कठीण असते. 'दर वाढले म्हणून खर्च वाढला' हे स्पष्टीकरण मिळाले की दर किती वाढले, कोणत्या करारानुसार वाढले आणि त्या दराने हिशेब केल्यास वाढ तेवढीच येते का, हे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत.

काम संपवताना

लेखापरीक्षणाचा अहवाल सही झाला म्हणजे काम संपले असे नसते. फाइल सामान्यतः अहवालाच्या तारखेपासून ६० दिवसांच्या आत अंतिम करून बंद करावी लागते. या काळात कागद क्रमाने लावणे, संदर्भ पूर्ण करणे, जुने मसुदे काढणे एवढेच करायचे असते; नवा निष्कर्ष लिहायचा नसतो. आर्टिकलने आपल्या प्रत्येक पेपरवरचे प्रलंबित म्हणून लिहिलेले शेरे या वेळी एकेक करून सुटले आहेत का ते पाहावे.

दोन वर्षे पूर्ण होण्याच्या महिनाभर आधी प्रशिक्षणाच्या नोंदी, घेतलेल्या रजा आणि मॉड्यूलचे निकाल पोर्टलवर जुळतात का ते तपासावे आणि प्रशिक्षण पूर्ण झाल्याच्या फॉर्म १०८ साठी विभागाकडे लेखी विनंती द्यावी. लॅपटॉप परत करण्यापूर्वी त्यातील क्लायंटची कोणतीही फाइल स्वतःसाठी उतरवून घेऊ नये, नमुना म्हणूनही नाही. सोबत न्यायची ती स्वतःच्या हस्ताक्षरातील वही, ज्यात कंपन्यांची नावे नसतील आणि पद्धती असतील : मोजणीला जाताना काय मागायचे, यादी कशी जुळवायची, बिल्टी आणि बिल यांच्या तारखा का वेगळ्या असतात. माझी अशी वही सध्या धुळ्याच्या एका मुलीकडे आहे. ती जूनमध्ये रुजू होणार आहे.